डाव्या बोटाचा ब्रेक

कुठलाही नवा गेम सुरू केला की तो आधी एक प्रश्न विचारतो. सोपं, मध्यम की कठीण? अजून रस्ता दिसलेला नसतो, कोण आपलं, कोण परकं, काही ठाऊक नसतं, आणि हा आधीच विचारतो, तुमची लायकी काय? दर वेळी मी बटणावरचं बोट मागे घेते. नववीत बीजगणिताचा पेपर हातात पडला की पेन असंच खाली ठेवायची. त्या पेपराला मी पुन्हा बसलेच नाही. आईच्या खानावळीत हात कमी पडत होते, तेवढं कारण पुरलं. शाळेतून कोणी विचारायलाही आलं नाही.

ती खानावळ वेंगुर्ल्याकडची. आमचे हे तेव्हा तिथेच मोबाईल दुरुस्तीचं काम शिकायला आलेले आणि दोन वेळा आमच्याकडे जेवायला असत. बाकी गोष्ट ओळखण्यासारखी आहे. लग्न होऊन मी चिखलीला आले. समुद्रापासून इतकी लांब आले की पहिल्या वर्षी कोणी 'पाणी' म्हटलं तरी मला नळाचं आठवायच्या आधी खाडीचं आठवे. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघं. हे, मी आणि सासरे. इकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझ्या तोंडी तो शब्द बसायला बराच काळ गेला.

गेमांवर मी लिहू लागले तेही असंच, कोणी न विचारता. बस स्टँडजवळच्या आमच्या दुकानात कोणीतरी गेमचं मशीन दुरुस्तीला टाकून गेला आणि परत फिरकलाच नाही. वर्षभर वाट बघून ह्यांनी ते घरी आणलं. दुपारी भांडी आवरली की मी खेळायची. मग एका मराठी संकेतस्थळावर, जिथे गेमांची परीक्षणं येतात, तिथे मी भीत भीत चार परिच्छेद पाठवले. त्यांनी छापले. संपादकताई पुण्याच्या. त्यांनी फोन केला आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहीत राहा." मी किती शिकले हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या फोनचे उपकार मी आजही मानते. पण त्या दिवसापासून एक भीतीही मागे लागली, की एक दिवस त्यांना कळेल. नववी सोडलेली, आणि सगळे गेम 'सोपं'वर खेळणारी.

हो, सोपंवर. सगळे. लिहिताना मात्र मी असं लिहायची की जणू कठीणच्या खाली मी उतरतच नाही. बाकीचे परीक्षक तसंच लिहीत. सोप्यावर गेम चांगला वाटणं याला त्यांच्यात काही किंमत नव्हती.

मामाजी एसटीत ड्रायव्हर होते. चिखली–मेहकर, चिखली–बुलढाणा, पुढे देऊळघाट, सगळी वर्षं याच रस्त्यांवर गेली. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू आला, काठी घेऊन ते मोरीपर्यंत जाऊ लागले, पण डाव्या हाताची बोटं येईनात. बुलढाण्याहून दर बुधवारी एक फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई चिखलीला येतात. त्यांनी स्पंजचा बॉल दिला. म्हणाल्या, रोज दाबा, सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात.

"बॉल दाबायले मी काय लेकरू हाव का?" मामाजींनी बॉल खाटेखाली फेकला. दोन दिवस मी तो उचलून ठेवला, तिसऱ्या दिवशी तो सापडलाच नाही.

त्याच सुमारास संपादकताईंनी बस चालवायचा एक गेम परीक्षणाला पाठवला. डोंगरातला रस्ता, बर्फ, एका बाजूला दरी. मी खेळत होते, मामाजी खाटेवरून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "कोन चालवून राह्यलं थे? तू? अशानं पाशिंजर उतरून पायी जाईन."

"मग तुम्ही दाखवा," मी म्हटलं.

ह्यांनी सेटिंगमध्ये जाऊन स्टिअरिंग आणि गाडीचा वेग दोन्ही उजव्या हातावर करून दिलं. तो बदल मामाजींच्या समोर, त्यांना सांगून केला. डाव्या हाताला राहिला एकच ब्रेक. रिमोटच्या मागे डाव्या पहिल्या बोटाखाली जो खटका असतो तो. आम्हाला वाटलं, वा, बॉलऐवजी हेच दाबतील.

पहिल्या दिवशी गेम मध्यमवर होता. तिसऱ्या वळणावर बस दरीत. पुन्हा सुरू केला, पुन्हा तिथेच दरीत. मामाजींनी रिमोट खाटेवर ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मेला माहा हात." ते तोंड धुवायला उठले. काठीचा आवाज मोरीपर्यंत जाईस्तोवर मी गेम 'सोपं'वर टाकला. मला त्यांच्या चेहऱ्यावर तो बीजगणिताचा पेपर दिसला होता. दुसरं काही मनात नव्हतं.

परत येऊन ते बसले. बस चौथ्या वळणावरून वळली, पाचव्या, सहाव्या. खाली गाव दिसलं तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "चला, देऊळघाट उतरा, देऊळघाट!"

त्यानंतर पाच महिने आमच्या घरात दुपारी बस चालत होती. बर्फातल्या सगळ्या थांब्यांना त्यांनी आपल्याकडची नावं देऊन टाकली. धबधब्याजवळचं मेहकर, पुलापलीकडचं चिखली. मी कंडक्टर. मी तोंडानं 'टन टन' केल्याशिवाय ते गाडी हलवत नसत. मी विसरले की दटावत, "काऊन बे कंडक्टर, झोपला का?" दुकानातून हे जेवायला आले की त्यांना सांगत, "ह्या गाडीचे ब्रेक पाय. लोण्यासारखे. बोट नुस्तं टेकवलं की थांबते. आमच्या गाड्यांले दोन्ही पाय देऊन उभं राहा लागे."

मी खाली मान घालून भाकरी वाढायची. सोप्यावर गेम वळण आलं की स्वतःच ब्रेक लावतो, हे मला ठाऊक होतं. त्यांचं बोट खटक्यावर नुसतं टेकलेलं असे. पण ते हसत होते, जेवत होते, कोणी आलं तर बसा म्हणत होते. मला वाटे, मी चांगलंच केलंय.

त्या गेमचं परीक्षण मी लांबवत होते, ते पाचव्या महिन्यात लिहिलं. लिहिताना तीच जुनी भीती. आपण गेमला चांगलं म्हटलं आणि कोणी विचारलं, कशावर खेळलात, तर? म्हणून मी आधीच तलवार काढली. लिहिलं, 'सोप्या पातळीवर हा गेम खेळणारा माणूस ड्रायव्हर नसतो, तो प्रवासी असतो.' दहापैकी पाच गुण दिले. संपादकताईंना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी त्याचंच शीर्षक केलं.

ह्यांना माझं कौतुक भारी. दुपारी जेवताना मोबाईलवर उघडून मोठ्यानं वाचलं. "बाबा, ऐका, सूनबाईनं काय लिहिलं. 'ड्रायव्हर नसतो, तो प्रवासी असतो.'"

"बराबर लिहिलं," मामाजी म्हणाले. घास तोंडात होता. तो गिळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपलं कोन्तं हाय व पोरी? सोपं का?"

मी म्हटलं, "नाही मामाजी. कठीण."

एवढा एक शब्द. तो सहज निघाला, मीठ हवं का विचारल्यावर नको म्हणावं इतका सहज. मामाजींनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि जरा ताठ बसले. संध्याकाळी काठी टेकत ते बस स्टँडवर गेले, तिथे त्यांचे जुने सोबती बाकावर बसतात. परत येताना त्यांच्यातले एक सोडायला आले होते, ते दारातूनच म्हणाले, "सूनबाई, भौ तं म्हन्ते हार्डवर गाडी चालवतो. आता आम्हालेबी लायसन काढून द्या." मी चहा ठेवायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

बॉल फेकल्यापासून मामाजी डॉक्टरीणबाईंकडे गेले नव्हते; त्याच्या पुढच्या बुधवारी मी त्यांना नेलं तेव्हा बाईंनी त्यांच्या डाव्या पंजात आपली दोन बोटं दिली.

"दाबा काका."

मामाजींच्या मानेची शीर ताठली. बाईंची बोटं जशीच्या तशी.

"घरी व्यायाम करता की नाही?"

"रोज दोन घंटे गाडी चालवतो. हार्डवर." ते अभिमानानं म्हणाले. "ब्रेक डाव्या हातानं."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा त्यांचं पहिलं बोट धरलं, वाकवलं, सोडलं. त्यांनी गेम कसा आहे ते मला विचारून घेतलं. मी रिमोट कसा धरायचा ते सांगितलं, खटका कुठे ते सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं. त्या जरा गोंधळल्या. "पाच महिने रोज दोन तास खटका दाबणाऱ्याचं बोट असं नसायला पाहिजे," म्हणाल्या, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी विचारलं, वेळ गेलीय का? त्या म्हणाल्या, "गेली असं नाही म्हणत. पण पहिले सहा-आठ महिने सोन्यासारखे असतात."

ऑटोत बसून येताना मामाजी उजव्या हातानं ते बोट चोळत होते. मी महिने मोजत होते. आमच्या गावाकडे खेळताना लहान पोराला लिंबूटिंबू करून घेतात. इकडे कच्चा लिंबू म्हणतात. शब्द थोडा वेगळा, रीत तीच. तो पळतो, ओरडतो, पण बाद झाला तरी बाद धरत नाहीत. आणि बहुतेक वेळा त्याला ते सांगतही नाहीत. त्याला वाटतं, आपण खरंच खेळतोय. मी माझ्या सासऱ्यांना पाच महिने कच्चा लिंबू करून ठेवलं होतं. जे बोट चालावं म्हणून तो रिमोट हातात दिला, नेमकं त्याच बोटाचं काम मी काढून घेतलं होतं.

तरीही मी लगेच सांगितलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. मी ठरवलं, गुपचूप केलेलं गुपचूपच सुधारू. सेटिंग उघडून पाहिलं तर तिथे मदती सुट्या सुट्या लिहिलेल्या होत्या. रस्त्यावरची रेषा, वेगाची मर्यादा, आपोआप ब्रेक (मध्यमवर थोडा, सोप्यावर पुरा). मी कधी आत जाऊन पाहिलंच नव्हतं. माझ्यासाठी सोपं म्हणजे सोपं, एकच गठ्ठा. बाकी सगळं राहू दिलं आणि आपोआप ब्रेक तेवढा बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी 'टन टन' केलं. बस निघाली. पहिल्याच वळणावर सरळ दरीत.

मामाजींनी चष्मा पुसला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा दरीत. तिसऱ्यांदाही बस पडली. त्यांनी रिमोट सोडला, उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पोरी," ते हळूच म्हणाले, "त्याले बोलाव दुकानातून. मले दुसरा झटका आला. कालपर्यंत ब्रेक लागे. आज हात पुरा गेला."

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. सगळं एका दमात सांगितलं. पहिल्या दिवशी काय केलं, पाच महिने ब्रेक कोण लावत होतं, काल काय बंद केलं. झटका नाही मामाजी, काही नवं झालेलं नाही, हात जसा होता तसाच आहे. हे शेवटचं मी दिलासा म्हणून म्हटलं आणि म्हणताना कळलं की यापेक्षा वाईट काही बोलता आलं नसतं.

त्यांनी मनगट सोडलं.

"मले कच्चा लिंबू केलं व तुनं?"

मी हो म्हटलं.

"आन् मी स्टँडवर सांगून राह्यलो, हार्डवर चालवतो म्हनून."

"मी पण सोप्यावरच खेळते," मी म्हटलं. "सगळे गेम. पहिल्यापासून."

"मंग थे प्रवासी-ड्रायव्हर काऊन लिहिलं?"

"भीती वाटली. नववी सोडलेली बाई, म्हटलं लोक काय म्हणतील."

"सातवी हाव मी," ते म्हणाले. मला वाटलं आता माफ करतील. पण त्यांचा आवाज चढला. "गाडी शिकलो तेव्हा उस्तादच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. शिकायच्या गाडीले असते थो. पण उस्तादनं पह्यल्याच दिवशी सांगतलं, माह्याबी पायाखाली ब्रेक हाय, मी दाबला तं तुले सांगीन. आन् सांगे. दर वक्ती सांगे, आता मी दाबला, आता तू दाबला. तुनं एक डाव तरी सांगतलं?"

ते आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.

नऊ दिवस रिमोटला कोणी हात लावला नाही. मामाजी माझ्या हातचं जेवत, पण बोलत ते ह्यांच्याशी. स्टँडवर जाणंही थांबलं. हे मला म्हणाले, "थोडं थांब. थो माणूस मनात ठेवत नाही." पण ह्यांनाही नक्की खात्री नव्हती, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसे. दुपारी घर इतकं शांत असे की नळाखालच्या बादलीत थेंब पडतोय तेही ऐकू येई. आईची फार आठवण आली. पण फोन करून तिला काय सांगणार होते?

पाचव्या दिवशी मी संपादकताईंना फोन केला. म्हटलं, ते परीक्षण खोटं आहे. मी सोप्यावर खेळले, मध्यमवर मला तिसरं वळण जमलं नाही, आणि मी नववी सोडलीय. मला वाटलं, झालं.

"नववीचं मला अंदाजानं माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पहिल्या पत्रात स्वतःच लिहिलं होतं, खानावळीत लागले तेव्हा पंधरा वर्षांची होते म्हणून. पण कुठल्या पातळीवर खेळलात हे विचारायचं मला सुचलंच नाही, आणि मी त्याचं शीर्षक केलं. चूक माझीही आहे. नवीन लिहा. आधीचं खाली राहू द्या, वर नवीन."

मी लिहिलं. कुठली मदत काय काढून घेते आणि काय देते ते एकेक करून लिहिलं. सोप्यावर मला त्या बर्फाच्या डोंगराचा खराखुरा आनंद मिळाला होता, तोही पहिल्यांदाच कबूल केला. गुण पाचाचे आठ केले. घरातलं काही लिहिलं नाही, फक्त एवढंच लिहिलं की पातळी निवडताना शेजारी कोणी असेल तर त्याला सांगून निवडा. खाली प्रतिक्रिया आल्या. एकानं लिहिलं, 'सोप्यावर खेळून परीक्षण? काकू, तुम्ही पोळ्या करा.' एकीनं विचारलं, 'माझ्या आईचा उजवा हात अधू आहे, तिला कुठली मदत चालू ठेवू?' पहिल्यानं दोन दिवस झोंबलं. दुसरीला मी सविस्तर उत्तर लिहिलं, तीन वेळा तपासून, कारण आता मला कोणाचंही बोट बिघडवायचं नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते. बाहेरून आवाज आला, "कंडक्टर मेला का?"

हात पुसत गेले. मामाजी खाटेवर, रिमोट मांडीवर. त्यांनी स्वतः मशीन चालू करून नवा गेम उघडला होता. पडद्यावर तोच प्रश्न, सोपं, मध्यम, कठीण.

"रस्त्याची थे रेघ राहू दे," ते म्हणाले. "मले चष्म्यातून कडा दिसत नाही. वेगाचंबी राहू दे. ब्रेक माहा. आन् तू काही दाबलं तं बोलायचं. समजलं?"

"हो मामाजी."

"हाव म्हन. इतके वर्षं झाले इकडं येऊन."

"हाव."

बस पहिल्या वळणावर पडली. दुसऱ्या प्रयत्नातही पडली. आता रोज पडते. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, आता रोज वीस मिनिटं, दमवू नका. किती येईल हे त्या सांगत नाहीत. मी विचारणं सोडलंय. ते पाच महिने कोणत्याही सेटिंगमध्ये जाऊन परत येणार नाहीत. पहाटे जाग आली की तेच आठवतं.

काल बस पहिल्या वळणावर थोडी हळू झाली. पडली, पण थोडी हळू होऊन पडली. ते ब्रेकमुळे झालं की चढामुळे, मला कळलं नाही. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"तुनं दाबलं?"

"नाही मामाजी. माझे हात मोकळे आहेत." मी दोन्ही हात वर करून दाखवले. साबण लागलेला होता.

त्यांनी ते हात निरखून पाहिले. डावा हात उजव्या हातानं उचलून रिमोटवर नीट बसवला, पहिलं बोट खटक्यावर ठेवलं.

"मार बेल."

मी 'टन टन' केलं आणि पडद्याकडे न बघता त्या बोटाकडे बघत उभी राहिले.